कार्बन कर आणि घरात परत येणारा पैसा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कार्बन कराचा विषय निघाला की चर्चा दोनच वाक्यांत अडकते. एक बाजू म्हणते, ‘हवामानासाठी हे करावंच लागेल.’ दुसरी म्हणते, ‘पुन्हा आमच्याच खिशात हात.’ पण या कराचं भवितव्य बहुतेक ठिकाणी एका तिसऱ्याच गोष्टीवर ठरलं आहे : जमा झालेला पैसा कुठे जातो आणि तो परत येताना लोकांना दिसतो का. म्हणून इथले बहुतेक प्रश्न परताव्याचे आणि लोकांच्या विश्वासाचे आहेत.

कार्बन कर नेमका कशावर लागतो?

कोळसा, पेट्रोल, डिझेल, नैसर्गिक वायू जाळल्यावर जेवढा कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, त्याच्या वजनावर. दर टनामागे ठरतो. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, डिझेलचा आकडा २.७ किलोच्या आसपास आहे. चलन कुठलंही धरा. टनाला १,००० असा दर असेल तर पेट्रोल लिटरमागे २.३० ने महागतं. तुमच्याकडे येणाऱ्या आकड्यांचं खरं-खोटं करायला एवढं गणित पुरतं.

वसुली घरोघरी होत नाही. खाण, आयातदार, तेलशुद्धीकरण कारखाना किंवा इंधन वितरक यांच्याकडून कर घेतला जातो आणि तो किमतीत मिसळून आपल्यापर्यंत येतो. फिनलंडने १९९० मध्ये असा कर सर्वांत आधी लावला. १९९१ मध्ये नॉर्वे आणि स्वीडन आले.

भरपाई म्हणजे काय? कोणाला मिळते?

पद्धती बऱ्याच आहेत. सगळ्यांना माणशी समान रोख रक्कम. फक्त कमी उत्पन्नाच्या घरांना मदत. आयकरात किंवा दुसऱ्या एखाद्या करात कपात. पेन्शन आणि भत्त्यांत वाढ. किंवा रोख काहीच न देता घरांची ऊर्जाबचत आणि सार्वजनिक वाहतूक यांवर खर्च. अनेक देशांत यांचं मिश्रण असतं. पुढे ‘परतावा’ हा शब्द मुख्यतः पहिल्या पद्धतीसाठी वापरला आहे, कारण वादही तिच्यावरच जास्त होतो.

पैसे परतच द्यायचे असतील तर घ्यायचे कशाला?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो आणि तो अगदी रास्त आहे. या हाताने घ्यायचं आणि त्या हाताने द्यायचं, मग हवेत काय फरक पडणार?

फरक पडतो, कारण घेताना आणि देताना वेगळा हिशेब लावलेला असतो. कर तुम्ही जाळलेल्या इंधनावर लागतो. परतावा मात्र सगळ्यांना सारखा मिळतो. तुम्ही किती जाळलं याच्याशी त्याचा संबंध नसतो. पाच कुटुंबं घ्या, सगळ्यांत माणसं सारखीच. त्यांचं वर्षाचं उत्सर्जन २, ३, ४, ६ आणि १५ टन. कर टनाला १००. तर ती अनुक्रमे २००, ३००, ४००, ६०० आणि १,५०० भरतात. एकूण जमा ३,०००. प्रत्येकाला परत ६००. पहिली तीन कुटुंबं फायद्यात, चौथं जिथल्या तिथे, पाचवं ९०० ने तोट्यात.

आता तिसऱ्या कुटुंबाने आपला वापर ४ टनांवरून ३ वर आणला. त्याचे १०० वाचले. त्याचा परतावा ६०० वरून ५८० होईल, तेही पाचच कुटुंबं आहेत म्हणून. कोट्यवधी घरांच्या देशात ही घट शून्यासारखीच. म्हणजे परतावा हातात असूनही कमी जाळण्याचा फायदा जवळपास पूर्ण उरतो. पंधरा टनवाल्या घराला तर तो सर्वांत जास्त जाणवतो.

याच उदाहरणात आणखी एक गोष्ट दडली आहे. पाच कुटुंबांची सरासरी ६ टन, पण पाचपैकी तिघं सरासरीच्या खाली आहेत. खऱ्या समाजातही साधारण असंच असतं : थोडी घरं खूप जाळतात आणि सरासरी वर ओढतात. त्यामुळे समान परताव्यात बहुसंख्य घरं फायद्यात राहतात. सरकारची उदारता त्याला लागत नाही. उत्सर्जनाची विषम वाटणीच ते घडवते.

२०१९ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या अर्थतज्ज्ञांनी समान परताव्यासह कार्बन कराची मागणी करणारं निवेदन काढलं, त्यावर पुढे ३,५०० हून अधिक जणांच्या सह्या झाल्या. तज्ज्ञांमध्ये एवढं एकमत क्वचित दिसतं. तरीही अनेक देशांत मतदारांनी हीच कल्पना नाकारली. का, ते पुढे येतंच.

गरिबांवर बोजा जास्त पडतो, हे खरं आहे का?

परतावा नसेल तर अनेक श्रीमंत देशांत हो. तिथे गरीब घराच्या उत्पन्नातला मोठा वाटा घर उबदार ठेवण्यात आणि इंधनात जातो. ज्या देशांत गाडी असणं हेच सुस्थितीचं लक्षण आहे, तिथे पेट्रोलवरच्या कराचा भार वरच्या थरावर जास्त पडतो. पण स्वयंपाकाच्या इंधनावर कर लावला की गणित पुन्हा उलटतं. माणशी समान परतावा दिला तर खालच्या थरातली घरं सरासरीने फायद्यात जातात.

‘सरासरीने’ या शब्दापाशी मात्र थांबायला हवं. उत्पन्न सारखं असलेल्या दोन घरांत एक शहरात रेल्वे स्थानकाजवळ असेल आणि दुसरं खेड्यात, जुन्या गळक्या घरात, कामाला जायला गाडीशिवाय पर्याय नसलेलं. दुसऱ्या घराला ‘गरिबांना एकूण फायदाच होतो’ असं सांगणं म्हणजे त्यांच्या अडचणीकडे पाठ फिरवणं. ऑस्ट्रियाने २०२३ आणि २०२४ मध्ये आपला ‘क्लिमाबोनस’, म्हणजे नागरिकांना दिला जाणारा रोख परतावा, राहण्याच्या जागेनुसार ठरवला होता : सार्वजनिक वाहतूक आणि सुविधा जितक्या तोकड्या, तितकी रक्कम मोठी. २०२४ मध्ये ती प्रौढ व्यक्तीला १४५ पासून २९० युरोपर्यंत होती. कॅनडाने ग्रामीण कुटुंबांसाठी आधी १० टक्के आणि २०२४ मध्ये २० टक्के जादा रक्कम दिली. माझ्या मते अशी जोड नसलेली योजना अर्धीच आहे.

लोक मुळात कार्बन कराच्या विरोधात आहेत का?

हवामानासाठी काही करायला लोक तयार आहेत. १२५ देशांतल्या सुमारे १,३०,००० लोकांची एक पाहणी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात ६९ टक्क्यांनी दरमहा उत्पन्नाचा एक टक्का द्यायची तयारी दाखवली आणि ८९ टक्क्यांनी सरकारने अधिक करावं असं सांगितलं. त्याच लोकांना विचारलं, ‘तुमच्या देशातले किती जण एक टक्का देतील?’ तर अंदाज सरासरी ४३ टक्क्यांचा आला. ‘मी तयार आहे, बाकीचे नाहीत’ असं जवळपास सगळीकडे वाटत होतं. नेत्यांचाही असाच समज झाला, तर बहुमत असूनही कोणी पुढे येत नाही.

पण सर्वसाधारण तयारी एक आणि ठरावीक कर दुसरा. २० देशांतल्या ४०,००० हून अधिक लोकांच्या एका मोठ्या अभ्यासात पाठिंबा तीन समजुतींवर ठरताना दिसला : याने उत्सर्जन खरंच घटेल का, गरिबांचं काय होईल, आणि आमच्या घराचं काय होईल. हवामान संकट किती भीषण आहे हे दाखवून पाठिंबा फारसा वाढला नाही. धोरण कसं चालतं आणि कोणाला काय मिळतं हे समजावल्यावर वाढला. जनजागृती मोहिमा चालवणाऱ्यांनी ही गोष्ट मनावर घ्यायला हवी. वितळणाऱ्या हिमनगाचं छायाचित्र पाहून घरखर्चाची चिंता मिटत नाही.

फ्रान्समध्ये आंदोलन का पेटलं?

फ्रान्सने २०१४ मध्ये टनाला ७ युरोने सुरुवात केली. २०१८ पर्यंत दर ४४.६० युरोवर पोहोचला होता, २०१९ मध्ये तो ५५ व्हायचा होता. त्याच काळात कच्चं तेलही महागलं. आणि त्याच वर्षी सरकारने संपत्ती कर काढून त्याजागी फक्त स्थावर मालमत्तेवरचा कर ठेवला. गरीब घरांसाठी ऊर्जा-धनादेश होता, पण कराचा बराचसा पैसा सरकारी तिजोरीत मिसळत होता आणि सर्वसामान्य घराला परत काही येताना दिसत नव्हतं. १७ नोव्हेंबर २०१८ ला पिवळी जॅकेटं घातलेले लोक चौकाचौकांत उतरले. डिसेंबरमध्ये सरकारने वाढ मागे घेतली. दर तिथेच गोठला.

या लोकांना पर्यावरणाची फिकीर नव्हती असं म्हणणं अन्यायाचं आहे. श्रीमंतांना सूट आणि डिझेलच्या गाडीने कामाला जाणाऱ्या कामगाराला वाढीव दर, हे दोन्ही एकाच अर्थसंकल्पाच्या काळात त्यांनी पाहिलं.

त्यानंतरचं संशोधन मात्र सगळ्यांनाच विचारात पाडणारं आहे. समान परताव्याची योजना पुढे ठेवून फ्रेंच नागरिकांची मतं घेतली, तेव्हा बहुतेकांनी आपला तोटा वास्तवापेक्षा जास्त धरला. ‘तुमच्यासारखं घर बहुधा फायद्यात राहील’ असं आकड्यांनिशी सांगितल्यावरही विरोधकांपैकी अनेकांनी ते मानलं नाही. विश्वास गेल्यावर नुसत्या आकड्याने काम होत नाही.

कॅनडात तर पैसे खात्यात येत होते. तरी कर का गेला?

पूर्ण गेला नाही. उद्योगांवरची कार्बन किंमत कायम आहे. पण लोकांना थेट जाणवणारा इंधनावरचा भाग १ एप्रिल २०२५ पासून बंद झाला. हे प्रकरण नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण अर्थतज्ज्ञांच्या आवडत्या आराखड्याची ही सर्वांत मोठी परीक्षा होती.

ज्या प्रांतांची स्वतःची पुरेशी योजना नव्हती, तिथे २०१९ मध्ये टनाला २० डॉलरने कर सुरू झाला आणि २०२४ मध्ये ८० वर गेला. सुमारे ९० टक्के जमा रक्कम कुटुंबांना परत जात होती. कराची रक्कम आणि परतावा एवढाच हिशेब मांडला तर बहुतेक घरं फायद्यात होती.

तरी बिघडलं ते असं. सुरुवातीची वर्षं परतावा आयकराच्या विवरणपत्रातल्या एका ओळीत मिळायचा. परताव्याची रक्कम मोठी की कापलेला कर कमी, हे सामान्य माणसाला कळायचं नाही. जुलै २०२२ पासून दर तिमाहीला थेट खात्यात पैसे येऊ लागले, तरी जमा रक्कम कशाची हे अनेकांच्या लक्षात येत नव्हतं. ‘कॅनडा कार्बन परतावा’ असं सरळ नाव २०२४ मध्ये मिळालं, म्हणजे पाच वर्षांनी. पंपावरचा दर मात्र पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर होता आणि दर भरणीला दिसत होता.

मग २०२२ ची महागाई आली. किराणा, घरभाडं, कर्जाचे हप्ते, सगळंच वाढलं, आणि ‘हा कर काढा’ ही घोषणा त्या सगळ्या रागाला पत्ता देऊन गेली. ऑक्टोबर २०२३ मध्ये सरकारने घर तापवण्याच्या तेलाला तीन वर्षांची सूट दिली. ते तेल मुख्यतः अटलांटिक किनाऱ्यावरच्या प्रांतांत वापरतात. बाकीच्यांनी लगेच विचारलं, ‘मग आमच्या नैसर्गिक वायूला का नाही?’ सस्काचेवान प्रांताने तर जानेवारी २०२४ पासून घरगुती वायूवरची वसुलीच थांबवली. त्या एका सवलतीने सरकारने स्वतःच कबूल केल्यासारखं झालं की परतावा पुरत नाही. मला वाटतं, कराचा पाया तिथेच खचला. मार्च २०२५ मध्ये मार्क कार्नी पंतप्रधान झाले आणि त्यांनी पहिल्याच दिवशी हा भाग बंद करण्याचा निर्णय घेतला.

कॅनडावरून ‘परतावा निरुपयोगी असतो’ असा निष्कर्ष काही जण काढतात. मी तो मान्य करत नाही. न दिसणारा, उशिरा नाव मिळालेला आणि मध्येच अपवादांनी भोकं पाडलेला परतावा चालत नाही, एवढं मात्र नक्की सिद्ध झालं.

स्वित्झर्लंडने वेगळं काय केलं?

तिथे २००८ पासून घर तापवण्याच्या इंधनावर कर आहे. पेट्रोल-डिझेल त्यात नाही. दर २०२२ पासून टनाला १२० फ्रँक. जमा रकमेचा साधारण दोन तृतीयांश भाग नागरिकांना आणि उद्योगांना परत जातो. नागरिकांना तो सक्तीच्या आरोग्य विम्याच्या हप्त्यातून वजा करून मिळतो. प्रशासनासाठी हे फार सोयीचं : प्रत्येकाची नोंद आधीच आहे, वेगळं खातं नको, अर्ज नको. पण हप्त्याच्या बिलातली ती छोटी वजावट लोकांच्या नजरेत भरत नाही. कॅनडा आणि स्वित्झर्लंड यांची तुलना करणाऱ्या २०२२ च्या अभ्यासात हेच आढळलं : परतावा मिळतो याची पुष्कळांना कल्पनाच नव्हती, आणि पाठिंब्यावर त्याचा परिणाम मर्यादित होता.

१३ जून २०२१ च्या सार्वमतात कराची कमाल मर्यादा २१० फ्रँकपर्यंत नेणारा आणि विमान तिकिटांवर आकार लावणारा कायदा ५१.६ टक्के मतांनी पडला. जुना कर मात्र टिकून आहे.

ऑस्ट्रेलियाचा कर दोन वर्षांतच का रद्द झाला?

तिथला घाव परताव्याच्या रचनेवर नव्हता. निवडणुकीआधी ‘असा कर येणार नाही’ असं सांगून नंतर जुलै २०१२ मध्ये टनाला २३ डॉलरने तो आणला गेला आणि दिलेला शब्द मोडल्याचा डाग शेवटपर्यंत पुसला नाही. जुलै २०१४ मध्ये कायदा रद्द झाला. भरपाई म्हणून आयकरमुक्त उत्पन्नाची मर्यादा ६,००० वरून १८,२०० डॉलर केली होती, ती कर गेल्यावरही राहिली. कराशी तिचा संबंध होता हे किती जणांना आठवत असेल?

लोकांना रोख परतावा आवडतो की हरित कामांवर खर्च?

अर्थतज्ज्ञ परताव्याकडे झुकतात, पण अनेक पाहण्यांत लोकांचा कौल हरित कामांकडे असतो. कारण समजण्यासारखं आहे. किंमत वाढली की माणसं वापर बदलतात, हे अनेकांना पटत नाही. कराच्या पैशातून उभी राहिलेली बससेवा त्यांना डोळ्यांनी दिसते. ‘कर पर्यावरणाच्या नावाने घेतला, तर पर्यावरणावरच खर्च करा’ हे त्यांना साधं, सरळ वाटतं.

मतपेटीत मात्र दोन्ही पर्याय पडलेले आहेत. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात २०१६ मध्ये इतर कर कमी करून देणारा कार्बन कर मतदानाला आला. सुमारे ५९ टक्क्यांनी नाकारला. २०१८ मध्ये पैसा स्वच्छ ऊर्जेवर खर्च करणारा प्रस्ताव आला. तोही सुमारे ५७ टक्क्यांनी नाकारला, आणि त्याविरुद्धच्या प्रचारात तेल कंपन्यांनी तीन कोटी डॉलरहून जास्त ओतले. पुढे विधिमंडळाने २०२१ मध्ये उत्सर्जन परवान्यांच्या लिलावाची योजना कायद्याने आणली. २०२४ मध्ये ती रद्द करण्याचा प्रस्ताव मतदानाला आला, तेव्हा सुमारे ६२ टक्के मतदारांनी ती राखली. तोवर त्या पैशातून कामं सुरू झालेली होती. अजून न आलेल्या गोष्टीला ‘हो’ म्हणणं अवघड असतं. हाती आलेलं काढून घ्यायलाही लोक सहज तयार होत नाहीत.

आधी कर की आधी पैसे?

आधी पैसे. याबाबत माझ्या मनात शंका नाही.

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने १ जुलै २००८ पासून टनाला १० डॉलर कर लावला, पण त्याआधीच जून महिन्यात प्रत्येक रहिवाशाला १०० डॉलर दिले. इराणचं उदाहरण कार्बन कराचं नाही, इंधन अनुदान काढण्याचं आहे, तरी शिकण्यासारखं आहे. डिसेंबर २०१० मध्ये किमती वाढवण्यापूर्वी लोकांच्या खात्यात रक्कम जमा झाली होती. ती खात्यात दिसत होती, पण दरवाढीच्या दिवसापर्यंत काढता येत नव्हती. प्रचंड दरवाढ होऊनही सुरुवातीला मोठा उद्रेक झाला नाही. नंतर रक्कम तीच राहिली आणि महागाईने तिची किंमत खाऊन टाकली. म्हणून परतावा कराच्या दराबरोबर वाढायला हवा, हे कायद्यातच लिहिलेलं बरं.

लागू झाल्यावर लोकांचं मत बदलतं का?

अनेकदा हो. ब्रिटिश कोलंबियात सुरुवातीला विरोध वाढला. २००९ ची निवडणूक विरोधकांनी ‘कर हटवा’ म्हणत लढवली आणि हरली. पुढच्या काही वर्षांत पाठिंबा वाढत गेला. स्टॉकहोमच्या वाहतूक-कोंडी शुल्काचंही तसंच : २००६ मध्ये काही महिने प्रयोग झाला, रस्ते मोकळे झालेले लोकांनी पाहिले आणि त्याच वर्षी सप्टेंबरच्या सार्वमतात शहराने होकार दिला. पण हा बदल कायमचा समजू नये. ब्रिटिश कोलंबियानेही एप्रिल २०२५ मध्ये घरगुती ग्राहकांवरचा कर काढला.

या कराने उत्सर्जन खरंच घटतं का, की सगळं कागदावरच?

घटतं. जगभरातल्या २१ कार्बन-किंमत योजनांच्या मूल्यमापनांचा एकत्रित अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या किमान १७ योजनांत घट दिसली, बहुतेक ठिकाणी ५ ते २१ टक्क्यांच्या दरम्यान. नुसत्या कराने सगळं साधेल असं कोणी सांगत असेल तर ते मानू नका. पर्यायी वाहतूक नसेल तर चालक नाइलाजाने भरत राहतो.

परतावा म्हणजे गप्प बसण्यासाठी दिलेली लाच आहे, असं म्हणतात. ते बरोबर का?

नाही. हवा सगळ्यांची आहे. तिच्यात घाण सोडणाऱ्याकडून घेतलेला पैसा सगळ्यांमध्ये समान वाटला जातो, तेव्हा तो हक्काचा वाटा असतो. लाच घेणाऱ्याला हक्क नसतो. शिवाय कर ठेवून परतावा काढून घेता येतो, हेही लक्षात ठेवा : ऑस्ट्रियाने २०२५ मध्ये क्लिमाबोनस बंद केला, कार्बनची किंमत मात्र चालूच आहे. जर्मनीत २०२१ च्या आघाडी करारात परताव्याची व्यवस्था उभारण्याचं ठरलं होतं; ते सरकार गेलं तरी कोणाला एक युरोही मिळाला नाही. लोकांनी ‘परतावा देऊ’ या वाक्यावर डोळे झाकून विश्वास ठेवावा असं मी म्हणू शकत नाही.

वर्तमानपत्रात ‘इतके टक्के लोक कार्बन कराच्या बाजूने’ असं वाचलं. त्यावर किती भरवसा ठेवावा?

आधी प्रश्न कसा विचारला ते शोधा. पैशाचा वापर सांगितला होता का? दर सांगितला होता का? टनाला २० आणि टनाला १५० या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘कार्बन कर हवा का’ या मोघम प्रश्नात दोन्ही दडतात. ‘माहीत नाही’ म्हणणाऱ्यांना मोजलं की वगळलं? पाहणी इंधन महागलेल्या महिन्यात झाली का? आणि कराच्या बाजूचं मत किती घट्ट आहे? कर हवा म्हणणारे बरेचदा सौम्यपणे ‘हो’ म्हणतात, नको म्हणणारे मात्र त्याच एका मुद्द्यावर मत देण्याइतके पेटलेले असतात. आकडा ५५ विरुद्ध ४५ असला तरी निवडणुकीत त्या ४५ चं वजन जास्त भरू शकतं. प्रश्नावली उघड केलेली नसेल, तर त्या बातमीतल्या टक्केवारीवरून कुठलंही धोरण ठरवू नये.